४९ नंबरचं देणं

मध्यरात्र उलटली होती. न्यूयॉर्कच्या मैदानावर अकराव्या इनिंगचा पहिलाच चेंडू पडला आणि आरन बूननं तो उचलून डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत टाकला. खेळ खलास. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा हातात चहाचा कप धरून टीव्हीसमोर उभे होते. पडद्यावर ४९ नंबरचा पिचर मान खाली घालून माउंडवरून उतरत होता. आजोबांनी टीव्ही बंद केला. शिवी नाही, उसासा नाही. सिंकपाशी जाऊन दोन्ही कप विसळले, फडक्यावर पालथे घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रोफेसर, वर जा आता. बायको वाट बघत असेल."

ती बेसबॉलची मॅच १६ ऑक्टोबर २००३ ची, बोस्टन विरुद्ध न्यूयॉर्क. मला नोकरीवरून काढलं त्याला तेव्हा सात महिने झाले होते. दूरसंचाराची उपकरणं बनवणारी कंपनी होती, मी तिथे सर्किटं तपासायचो. एका सकाळी आम्हा बऱ्याच जणांना एका खोलीत बोलावलं आणि सामान भरायला पुठ्ठ्याचं एकेक खोकं दिलं. हातात ग्रीन कार्ड होतं आणि बायकोची ग्रंथालयातली नोकरी होती, म्हणून बोस्टन सोडावं लागलं नाही इतकंच. सॉमरव्हिलमधल्या तीन मजली लाकडी घराचा मधला मजला आमचा, तळमजला आजोबांचा. जन्मभर ग्रीन लाइनची ट्राम चालवलेला माणूस. बायको गेलेली, मुलगी न्यू हॅम्पशरला. चष्मा आणि दाढी यांच्या जोरावर मी त्यांच्या लेखी प्रोफेसर. 'खालचे आजोबा' हे नाव आमच्या मुलीनं पाडलं. इंग्रजीत अहो-जाहोची सोय नाही, पण माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून 'अहो' होते. वेकफिल्ड, म्हणजे तो ४९ नंबरचा पिचर, मात्र पहिल्या दिवसापासून 'तो'. खेळाडूंना आपण अरे-तुरेच करतो. गावसकर काय, सचिन काय.

त्या उन्हाळ्यात मला दिवसभर काही काम नसायचं. अर्ज पाठवायचे आणि खालच्या मागच्या ओट्यावर जाऊन आजोबांच्या रेडिओपाशी बसायचं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल पहिल्यांदा बघताना वाटतं, हे काय, सगळे फुलटॉसच की! मी त्यांना तसं म्हणालोसुद्धा. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "टप्पा नाही ना, म्हणून तर. जे काय करायचं ते हवेतच करायचं. साठ फूट सहा इंचांत." आपली खेळपट्टी सहासष्ट फुटांची. म्हणजे अंतर साडेपाच फूट कमी आणि मातीची मदत शून्य. मग मी गप्प बसून ऐकायला लागलो.

ऐकता ऐकता एक नाव वेगळं पडलं. बाकीचे पिचर ताशी ९० मैलांच्या वर चेंडू टाकायचे आणि टिम वेकफिल्ड नावाचा हा माणूस ६५-६६ मैलांनी. इथल्या हायवेवर त्या वेगानं गाडी चालवली तर मागचा हॉर्न मारतो. त्याचं अस्त्र नकलबॉल. नावावरून वाटतं की बोटांच्या सांध्यांवर चेंडू धरत असतील, पण तसं नाही. दोन बोटांची नखं शिवणीच्या मागे रुतवायची, मनगट घट्ट ठेवायचं आणि चेंडू फेकायचा नाही, पुढे सारायचा. तो फिरता कामा नये. बॅटरपर्यंत पोचेस्तोवर एखाददुसरा फेरा, त्याहून जास्त नाही. मग काय होतं? चेंडू फिरत असला तर शिवणीचा हवेवरचा परिणाम सगळीकडे सारखा वाटला जातो. इथे फिरतच नाही, त्यामुळे शिवण एका बाजूला वर येते, हवा तिथे एक वाट धरते, दुसऱ्या बाजूला दुसरी. चेंडू जरासा कलला की वाटा बदलतात आणि चेंडूही बदलतो. कधी डावीकडे, कधी खाली, कधी एकाच प्रवासात दोन्ही. कुठे जाणार हे बॅटरला ठाऊक नसतं, कॅचरला नसतं आणि खुद्द टाकणाऱ्यालाही नसतं.

आपल्याकडे सगळा मान फिरकीला. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर ऐकत मोठा झालेला मी. चेंडू फिरू न देण्यातही कला असते हे पचायला मला वेळ लागला. (पुढे २०११ च्या विश्वचषकात आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं नकल बॉल काढला तेव्हा मी आजोबांना फोन करून सांगितलं. त्यांना झहीर कोण ते कळलं नाही, पण आनंद झाला. झहीरचं ते गुपचूप खिशातून काढायचं नाणं होतं, अधूनमधून. वेकफिल्ड मात्र तेच नाणं दिवसभर चालवायचा, समोरच्याला आधी दाखवून.)

त्याच्या कॅचरचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डग मिराबेली हा त्याचा खास कॅचर. नेहमीच्या ग्लव्हात हा चेंडू मावायचा नाही म्हणून तो सॉफ्टबॉलचा मोठा ग्लव्ह वापरायचा. २००५ च्या हिवाळ्यात बोस्टनच्या रेड सॉक्स संघानं मिराबेलीला सॅन डिएगोला देऊन टाकलं. त्याच्या जागी जॉश बार्ड आला. चांगला कॅचर, पण पाच मॅचमध्ये दहा चेंडू त्याच्या हातून सुटून मागे गेले. १ मे २००६ ला रेड सॉक्सनं मिराबेलीला परत मिळवलं. त्याच संध्याकाळी वेकफिल्ड टाकणार होता. तेव्हा मिराबेलीला विमानानं आणलं आणि विमानतळापासून पोलिसांच्या गाडीतून, सायरन लावून मैदानावर पोचवलं. कपडे त्यानं त्या गाडीतच बदलले. एक चेंडू झेलता येण्याच्या कलेला इतका मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. साथीदाराशिवाय मैफल होत नाही हे आम्हा पेटीवाल्यांना कळतं, म्हणून असेल.

पेटीचं सांगतो, पण आधी वेकफिल्डच्या वडिलांचं.

वेकफिल्ड फ्लोरिडातल्या मेलबर्नचा. लहानपणी संध्याकाळी वडील कामावरून दमून यायचे आणि ह्याला अंगणात चेंडू-चेंडू खेळायचं असायचं. पोरगं लवकर कंटाळून घरात यावं म्हणून वडील नकलबॉल टाकायचे. झेलता येत नाही, सारखं मागे पळून चेंडू आणायचा, दमून जायचं. शस्त्र हातात आलं ते असं. पुढे तो फटकेबाज झाला. १९८८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याला आठव्या फेरीत निवडलं ते पहिल्या बेसवरचा खेळाडू म्हणून. बॅट काही चालेना. वर्षभरात सांगण्यात आलं की ह्या फलंदाजीवर तू डबल-ए ह्या खालच्या लीगच्या वर जाणार नाहीस. सराव सुरू व्हायच्या आधी टवाळक्या करताना तो गड्यांना नकलबॉल टाकायचा, ते एका प्रशिक्षकानं पाहिलं होतं. त्यामुळे घरी पाठवण्याऐवजी त्याला माउंडवर उभं केलं.

आजोबांनी ही गोष्ट मला २००३ च्या जुलैत सांगितली. सांगून झाल्यावर रेडिओचा आवाज बारीक केला आणि विचारलं, "तुझ्या वडिलांनी तुला काय शिकवलं?"

मी म्हटलं, "इंजिनिअरिंगला घातलं."

"ते नव्हे. तुला दमवायला काय करायचे?"

मला एकदम मिरजेचं घर दिसलं. वडील रेल्वेत कारकून. मिरज जंक्शनवर दिवसपाळी करायची आणि रात्री जेवणं झाली की माजघरात पेट्या दुरुस्त करायच्या. सतारमेकर गल्लीतून माणसं तंबोरे, सतारी घेऊन जायची, त्यातल्या कुणाची तरी पेटी वडिलांकडे यायची. मी उंडगा. झोपायचं नाव नाही. मग ते मला भाता मारायला बसवायचे. एकच पट्टी दाबून धरलेली, सूर चाललाय, आणि मी भाता मारतोय. अर्धा तास, पाऊण तास. हात भरून यायचे आणि मी तिथेच कलंडायचो. पण कलंडायच्या आधी कान उघडे असायचे. वडील पितळी जिभेखाली पातळ पत्री सरकवायचे आणि बारीक कानशीनं एक हात, दोन हात. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. झोपेत शिरलं.

आजोबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "मग?" एवढंच म्हणाले.

मग काही नाही. सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंची पेटी ऐन कार्यक्रमात रडायला लागली. इथे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी ठक्क होते, लाकडाला तडे जातात, भात्याचं कातडं सुटतं आणि पेटी श्वास गाळते. कलकत्त्याला पाठवायची तर पेटीपेक्षा पाठवणी महाग. मी म्हटलं, बघतो. वडिलांच्या कानशी माझ्याकडे होत्या, ते गेल्यावर आठवण म्हणून आणलेल्या. तीन दिवस तळघरात बसलो. बाईंनी पन्नास डॉलर पुढे केले तेव्हा माझा चेहरा पडला. एम.ई. झालेल्या माणसाच्या हातावर पेटीचे पैसे! मी घेतले नाहीत. घरी येऊन बायकोचं ऐकून घेतलं.

आणि महिन्यानं तो बूनचा फटका.

अशा फटक्यानं बोस्टनमध्ये माणूस जन्मभर बदनाम होतो. शेवटचं अजिंक्यपद १९१८ चं, आणि मधली सगळी वर्षं कुणाच्या हातून काय निसटलं याची यादी. गंमत अशी की त्याच मालिकेत न्यूयॉर्कला दोनदा हरवलं होतं ते वेकफिल्डनंच, पहिल्या आणि चौथ्या मॅचमध्ये. सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगपर्यंत ५-२ अशी आघाडी होती. थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला मॅनेजरनं काढलं नाही, बरोबरी झाली. वेकफिल्ड त्यानंतर आला. दहावी इनिंग त्यानं साफ काढली आणि अकरावीचा पहिला चेंडू… म्हणजे चूक कुणाची आणि डोक्यावर कुणाच्या. पण त्यानं कुणाकडे बोट दाखवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्याला पडायची सवय होती म्हणायचं. १९९२ च्या जुलैअखेर तो वरच्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच मॅचमध्ये १४६ चेंडू टाकून, दहा जणांना स्ट्राइकवर बाद करून पूर्ण मॅच एकट्यानं जिंकला. त्या मोसमात ८ विजय, १ पराभव. ऑक्टोबरात अटलांटाविरुद्ध दोन मॅच जिंकल्या, दोन्ही शेवटपर्यंत स्वतः टाकून. सगळीकडे त्याचंच नाव. पुढच्या वर्षी चेंडूनं पाठ फिरवली. हा चेंडू असाच. वेग कमी झाला तर व्यायाम करता येतो, पण न फिरणारा चेंडू फिरायला लागला तर काय करायचं ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. १९९४ सगळं खालच्या लीगमध्ये गेलं. एप्रिल १९९५ मध्ये पिट्सबर्गनं सोडून दिलं आणि आठवड्याच्या आत बोस्टननं उचललं.

त्या वेळी बोस्टनच्या सरावाच्या गावी, फोर्ट मायर्समध्ये, फिल आणि जो हे निक्रो बंधू होते. दोघेही जुने नकलबॉलवाले, दोघांचे मिळून ५३९ विजय. त्यांचे वडील ओहायोतले कोळसा खाणकामगार, त्यांनी फिलला हा चेंडू अंगणात शिकवला. फिल त्या दिवसांत सिल्व्हर बुलेट्स या बायकांच्या संघाचा मॅनेजर होता आणि जो त्याच्या हाताखाली. वेकफिल्ड त्यांच्याकडे गेला. त्यांनी शिकवलं. त्या मोसमात त्याची सुरुवात १४ विजय, १ पराभव अशी झाली.

(ह्याच जो निक्रोला १९८७ मध्ये भर मैदानात पंचांनी खिसे उलटे करायला लावले होते. त्यातून नखं घासायची पट्टी उडून पडली. नकलबॉलवाल्याला नखं सांभाळावी लागतात हे खरं, पण तो चेंडू घासतोय असा संशय होता. दहा दिवस बाहेर बसवलं. आजोबा हे सांगताना पोट धरून हसायचे. माझ्या खिशातून कानस निघाली तेव्हा मलाही जो म्हणायला लागले.)

आता २००४. तोवर मी एका हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवायच्या काउंटरवर उभा राहत होतो आणि रात्री तळघरात पेट्या. आता पैसे घेत होतो. पण मनातून कुढत होतो. एकदा माझा जुना सहकारी रंग घ्यायला आला, तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन तो जाईपर्यंत डबे मोजत बसलो.

१६ ऑक्टोबर, बूनच्या फटक्याला बरोबर एक वर्ष. पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा तीच मालिका, दोन मॅच हरलेल्या आणि तिसरीत धूळधाण चालू. दुसऱ्या दिवशीची मॅच वेकफिल्ड टाकणार होता. हरलो तर घरी, म्हणजे मोसमातली सगळ्यात मोठी मॅच त्याची. तिसऱ्या मॅचमध्ये एकामागून एक पिचर संपत चालले तसा तो आत जाऊन खिळ्यांचे बूट घालून आला आणि मॅनेजर फ्रँकोनाला म्हणाला, मी टाकतो. हरलेल्या मॅचमध्ये. उद्याची मॅच त्यानं सोडून दिली. सव्वातीन-साडेतीन इनिंग टाकल्या, पाच धावा खाल्ल्या, संघ १९-८ नं हरला. वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे लागले ते नुसते डागच.

आजोबा नवव्या इनिंगच्या आधीच झोपायला निघून गेले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "बघून ठेव हे. हे कुणी लक्षात ठेवणार नाही." हे त्यांचं चुकलं. बोस्टननं ते लक्षात ठेवलं. त्याच्यामुळे ताज्या राहिलेल्या पिचरांच्या जोरावर दुसऱ्या दिवशीची मॅच बाराव्या इनिंगपर्यंत ओढता आली आणि जिंकता आली.

आणि सोमवारची पाचवी. पाच तास एकोणपन्नास मिनिटं. बाराव्या इनिंगला वेकफिल्ड आला. मिराबेली नाही, कॅचर जेसन व्हॅरिटेक. तो मोठा खेळाडू, पण हा चेंडू झेलायची त्याला सवय नाही. एकट्या तेराव्या इनिंगमध्ये तीन चेंडू त्याच्या हातून सुटले. न्यूयॉर्कचे दोन गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, दोन बाद, समोर रूबेन सिएरा. आता वेकफिल्डनं काय करावं? साधा चेंडू टाकावा तर तो जेमतेम ७५ मैलांचा, फोडून काढतील. नकलबॉल टाकावा तर व्हॅरिटेकच्या हातून चौथा सुटेल आणि धाव आत. मी ओट्यावर थंडीत रेडिओ कानाला लावून उभा होतो, आजोबा आतल्या टीव्हीचा आवाज बंद करून खुर्चीच्या मागे. त्यानं नकलबॉलच टाकला. सिएरा चुकला. व्हॅरिटेकच्या ग्लव्हात चेंडू बसला. आजोबांनी आतून काचेवर टकटक केलं, बोललेच नाहीत. चौदाव्यात बोस्टनच्या ऑर्टिझनं मॅच जिंकून दिली आणि विजयी पिचर म्हणून नाव लागलं वेकफिल्डचं. नऊ दिवसांनी, ८६ वर्षांनंतर, बोस्टन अजिंक्य.

त्यानंतरच्या आठवड्यात तो जुना सहकारी पुन्हा दुकानात आला. मी त्याला पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा दाखवल्या आणि माझ्या तळघराचा पत्ताही दिला. त्याच्या शेजारी एक गुजराती भजनी मंडळ होतं.

मी वेकफिल्डचा भगत आहे म्हणून त्याला देव करायची गरज नाही. २०० विजय, १८० पराभव, नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ४.४१. हॉल ऑफ फेमच्या मतदानात २०१७ मध्ये त्याला एक मत पडलं, एकच, आणि यादीतून नाव गेलं. रास्तच आहे ते. पण बोस्टनसाठी त्याच्याइतक्या इनिंग कुणीही टाकलेल्या नाहीत, ३,००६. कधी सुरुवात करायला, कधी मधे, १९९९ मध्ये तर शेवटची इनिंग सांभाळायला. त्या वर्षी एका इनिंगमध्ये त्यानं चार जणांना स्ट्राइकवर बाद केलं होतं. बाद तीनच होतात ना? पण तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला तर बॅटर पळू शकतो. म्हणजे त्याची करामत त्याच्याच कॅचरलाही आवरली नव्हती. २००७ ला संघ पुन्हा अजिंक्यपदाला पोचला तेव्हा खांद्यानं साथ दिली नाही. सतरा विजय मिळवलेला माणूस अंतिम मालिकेच्या यादीतून बाहेर बसला आणि सगळ्यांसमोर रडला.

२००व्या विजयाचं तर फार झालं. १९९ वर काटा अडकला. एक मॅच, दोन, पाच, सात. आजोबा तोवर मुलीकडे न्यू हॅम्पशरला गेले होते. प्रत्येक वेळी मी फोन लावायचो, ते उचलायचे, "हं" म्हणायचे, ठेवायचे. आठव्या खेपेला, १३ सप्टेंबर २०११ ला, टोरांटोविरुद्ध जिंकला. १८-६. वेकफिल्ड पंचेचाळीस वर्षांचा. फोनवर आजोबा म्हणाले, "अठरा धावा करून दिल्या तर मीसुद्धा जिंकलो असतो, प्रोफेसर," आणि मग बराच वेळ फोन ठेवला नाही. फेब्रुवारीत वेकफिल्ड निवृत्त झाला. मे महिन्यात आजोबा गेले.

आता जी गोष्ट सांगायची टाळत होतो ती.

२०१० मध्ये न्यू जर्सीहून एक मुलगा आला होता, मूळचा अकोल्याचा. पंचविशीतला. पेटी वाजवायचा आणि दुरुस्ती शिकायची होती. "काका, दोन दिवस नुसता बसतो तुमच्यापाशी." तोवर माझ्याकडे कनेक्टिकटपासून पेट्या यायच्या. रंगाचं काउंटर सुटलं होतं. हा शिकला तर न्यू जर्सीची गिऱ्हाइकं ह्याची, असा सरळ हिशोब मी केला. त्याला म्हटलं, "हे असं शिकवून येत नाही रे. रक्तात लागतं." चहा पाजला आणि परत पाठवला. पाच तासांचा रस्ता.

२०१२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क मेट्सचा आर. ए. डिकी नावाचा नकलबॉलवाला सगळ्यांना लोळवत होता. त्या वर्षी २० विजय आणि सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. बायकोनं ग्रंथालयातून त्याचं आत्मचरित्र आणलं. कोपरात एक अस्थिबंध जन्मतःच नाही, ते कळल्यावर टेक्सासनं आठ लाख दहा हजारांचं बोलणं पंचाहत्तर हजारांवर आणलेलं. नकलबॉलवाला म्हणून पहिल्याच मॅचमध्ये सहा होमरन खाल्ले. (एका मॅचमध्ये सहा होमरन आधी वेकफिल्डनंही खाल्ले होते. तो मात्र सहा खाऊन जिंकला होता.) त्याला चार्ली हफनं शिकवलं, फिल निक्रोनं शिकवलं. आणि २००८ मध्ये डिकी सिअॅटलकडून खेळत असताना बोस्टनमध्ये वेकफिल्डला भेटला. प्रतिस्पर्धी संघातला माणूस! वेकफिल्डनं त्याला आपल्या सरावाला उभं राहू दिलं. पकड दाखवली, विचारेल ते सांगितलं.

मी पुस्तक मिटून ठेवलं. होयट विल्हेल्म, चार्ली हफ, टॉम कँडियॉटी, टिम वेकफिल्ड, ह्या नकलबॉलवाल्यांनी ४९ नंबरचा शर्ट घातलेला आहे. घराणं म्हणतात ते हे. आणि ह्या घराण्यात गंडा नाही, दक्षिणा नाही. समोरच्या संघाचा असला तरी दार उघडं.

ह्याच डिकीनं त्या जानेवारीत किलिमांजारो चढून मुंबईतल्या एका संस्थेसाठी एक लाख डॉलरच्या वर जमवले होते. वेश्यावस्तीतून मुलींना सोडवणारी संस्था. पुढच्या जानेवारीत तो आपल्या दोन मुलींना घेऊन कामाठीपुऱ्यात गेला. माझं शिक्षण मुंबईत झालं. ग्रँट रोडला मावशीकडे जाताना बस त्या भागाच्या कडेनं जायची आणि मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायचो. पण ते ओझं वेगळं. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर होता तो पाच तास गाडी चालवून परत गेलेला मुलगा.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. नंबर शोधावा लागला नाही, वहीत होता. तो आला. ओशाळलो होतो ते मीच, तो नाही. दोन दिवसांचे आठ दिवस झाले. रीडचे खर्ज-नर दोन्ही संच उतरवून पुन्हा चढवले. निघताना त्यानं पाकीट काढलं, "काका, किती द्यायचे?"

मी म्हटलं, "वेकफिल्डला विचार."

त्याला वाटलं, वेकफिल्ड म्हणजे ज्याच्याकडून मी रीड मागवतो तो दुकानदार. पुढे दोन वर्षं तो मला विचारत राहिला की त्या वेकफिल्डकडे माल बरा असतो का.

१ ऑक्टोबर २०२३, रविवार. नेहमीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. तळघरात रेडिओ चालू होता, मी एका भात्याला कातडं चिकटवत होतो. बातमी आली, टिम वेकफिल्ड गेला. मेंदूचा कर्करोग. सत्तावन्नाव्या वर्षी. मुलांच्या कर्करोगासाठी पैसे गोळा करणाऱ्या जिमी फंडच्या कामात ह्या माणसाची कितीतरी वर्षं गेली होती. रेडिओवाल्यांचा आवाज बसला होता. मी हातातला ब्रश तसाच धरून बसलो. सरस वाळून गेला, कातडं पुन्हा सोलावं लागलं.

रात्री न्यू जर्सीहून फोन आला.

"काका, तो तुमचा वेकफिल्ड गेला म्हणे."

"हो."

"टीव्हीवर दाखवतायत. मी आज पहिल्यांदा बघितला त्याला. काय मजेशीर टाकायचा हो. जोरच नाही."

"नाही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "काका, एक विचारू? खर्जातला कोमल धैवत आहे, किंचित उतरलाय. समोर उघडून बसलोय. कुठून घेऊ?"

"टोकाला. खाली पत्री घाल आधी. दोनच हात."

"बरं. थांबा हं, फोन ठेवू नका."

त्यानं फोन तिथेच कुठेतरी टेकवला असावा. पलीकडून कानशीचा आवाज आला, दोनदा.